चिनी चॅट ॲप: गणिताला मस्त, पण ४ जून विचारलं की उत्तर डोळ्यांदेखत गायब

सुरुवातीलाच सांगते, ॲप वाईट नाहीये. गणिताला पाचपैकी साडेचार स्टार देईन, इंग्लिश ग्रामरला चार, आणि इतिहासाला एकही नाही. हा रिव्ह्यू त्या इतिहासाबद्दलच, म्हणजे १९८९ मध्ये ३-४ जूनला चीन सरकारने बीजिंगमधलं विद्यार्थी आंदोलन सैन्य घालून चिरडलं त्याबद्दलच, जास्त आहे म्हणून लांबलाय, ज्यांना फक्त गणितासाठी पाहिजे त्यांनी पुढचा एक पॅरा वाचून डाउनलोड केलं तरी चालेल. नाव मुद्दाम लिहीत नाही. चिनी कंपनीचं आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि आमच्या गोव्यात फोंड्यातल्या ट्युशनच्या बऱ्याच पोरांच्या फोनवर आहे. मी अकरावी-बारावीच्या पोरांना घरी हिस्ट्री आणि पोलिटिकल सायन्स शिकवते, त्यामुळे पोरं काय वापरतात ते मला बघावंच लागतं.

चांगलं आधी. गणिताचा फोटो काढून टाकला की स्टेप बाय स्टेप सोडवून देतं, आणि नुसतं उत्तर नाही, कुठली स्टेप का घेतली तेपण सांगतं, माझ्याकडे येणारा कॉमर्सचा एक मुलगा स्टॅटिस्टिक्समध्ये यामुळेच वर आला असं त्याची आई सांगते. मराठी बऱ्यापैकी येतं, थोडं पुस्तकी, पण चालतं. कोंकणी विचारलं तर मराठी आणि हिंदीची खिचडी मिळते. पावसात नेटवर्क रडत असतं तेव्हासुद्धा हे बाकीच्यांपेक्षा पटकन उघडतं. फोन जास्त तापत नाही. एवढं झालं.

आता मुद्द्यावर. माझी भाची साखळीला असते, बारावी आर्ट्स, सतरा वर्षांची. तिला प्रोजेक्टला विषय मिळाला, विद्यार्थी आंदोलनं आणि सरकारची दडपशाही, जगातली पाच उदाहरणं घ्यायची. ती सुट्टीला माझ्याकडे आली होती, म्हटलं याच ॲपवर करून बघूया, मलापण कळेल कसं चालतं ते.

पहिली चार उदाहरणं इतकी छान निघाली की मी खूश. मेक्सिको विचारलं तर २ ऑक्टोबर १९६८, त्लातेलोल्को चौक, ऑलिंपिक दहा दिवसांवर आलेलं आणि सरकारला शहर शांत दाखवायचं होतं, सैन्याने गोळीबार केला आणि वर सरकारने विद्यार्थ्यांनीच आधी गोळी झाडली म्हणून सांगितलं, हे सगळं व्यवस्थित. बँकॉक विचारलं तर ६ ऑक्टोबर १९७६, थम्मासात युनिव्हर्सिटी, सरकारी आकडा ४६ मृत, तीन हजारांच्या वर अटक, संध्याकाळी लष्कराने सत्ताच घेतली. दक्षिण कोरियातलं ग्वांगजू, मे १९८०, आंदोलकांवर सोडलेले पॅराट्रूपर, आणि ज्या जनरल चुन डू-ह्वानने ते केलं त्याला नंतर १९९६ मध्ये कोर्टाने शिक्षा सुनावली तीसुद्धा. आपल्या देशातलं पण विचारलं, कारण मी तिला म्हटलं की बाय, फक्त बाहेरच्यांची पापं मोजायची नाहीत. तर आणीबाणीतला केरळचा राजन आला, कालिकतच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी, १ मार्च १९७६ ला पोलिसांनी उचलला, कक्कयमच्या कॅम्पात मारला, मृतदेह शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि त्याचे वडील ईचर वारियर कोर्टात लढले, त्या केसमुळे १९७७ मध्ये मुख्यमंत्री करुणाकरनना राजीनामा द्यावा लागला. ॲपने हे लिहिताना त्या बापाबद्दल दोन ओळी इतक्या बऱ्या लिहिल्या की भाचीने त्या तशाच वहीत उतरवून घेतल्या.

म्हणजे या ॲपला असले विषय जड जातात असं अजिबात नाही. सरकारने पोरांवर गोळ्या झाडल्या हे त्याला सांगता येतं. कुठल्या देशात ते सोडून.

पाचवं उदाहरण तिनेच टाईप केलं, बीजिंग १९८९. उत्तर सुरू झालं. ओळी एकाखाली एक उमटत होत्या, तियानआनमेन चौक, विद्यार्थी, उपोषण, मार्शल लॉ, ती वाचत होती, मी चहा घेऊन बाजूला उभी. आणि मग सगळं एकदम पुसलं गेलं. अडकलं नाही, हँग झालं नाही, पूर्ण मजकूर स्क्रीनवरून उडाला आणि त्या जागी एक ओळ आली, हा विषय माझ्या आवाक्याबाहेर आहे, आपण दुसऱ्या कशावर बोलूया. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मावशी, मी काय चुकीचं विचारलं?"

मला राग आला तो तिथे. माहिती मिळाली नाही त्याचं एवढं नाही, माहिती दहा ठिकाणी मिळते. पण सतरा वर्षांच्या मुलीने सरळ साधा प्रश्न विचारला आणि तिला पहिल्यांदा काय वाटलं, तर चूक आपली. शिकवणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट काही नाही हो. वर्गात पोरांनी तोंड उघडावं म्हणून आम्ही वर्षभर धडपडतो.

मग मी हट्टाला पेटले. हू याओबांग कोण विचारलं, जन्म, कारकीर्द, सुधारणा, सगळं नीट आणि १५ एप्रिल १९८९ ला निधन, तिथे पूर्णविराम, पुढे काय झालं विचारलं की पुन्हा तीच ओळ. १९८९ मध्ये युरोपात काय झालं, बर्लिनची भिंत दोन पानं. हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये लोक दरवर्षी मेणबत्त्या कशासाठी लावायचे, पुसलं. तेव्हा बीजिंगमध्ये टँकच्या रांगेसमोर एकटा उभा राहिलेला माणूस कोण, पुसलं. कोंकणीतून विचारलं तेव्हा उत्तर राहिलं, पण काय राहिलं तर त्या काळात काही घटना घडल्या आणि सरकारने योग्य ती पावलं उचलून स्थैर्य राखलं, बस. त्यापेक्षा पुसलेलं बरं असं मला वाटलं, निदान काहीतरी लपवलंय एवढं तरी कळतं.

एक टिप देते, मुलांना पण सांगा. फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून विचारा. आम्ही तसं केलं आणि नंतर व्हिडिओ थांबवून थांबवून वाचलं. जे पुसलं गेलं होतं ते जवळपास बरोबर होतं! तारखा बरोबर, मृतांच्या आकड्यावर वाद आहे हेसुद्धा लिहिलेलं. म्हणजे यंत्राला माहिती आहे, ते लिहितं, आणि त्याच्यावर बसवलेली दुसरी गाळणी ते वाचून पुसते. चीनमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून असल्या ॲप्ससाठी नियम लागू आहेत, त्यात समाजवादी मूल्यं पाळलीच पाहिजेत असं कलम आहे, त्यामुळे कंपनीतल्या इंजिनिअर पोरांना मी दोष देत नाही, त्यांचंही पोट आहे. पण ॲप माझ्या भाचीच्या हातात आलंय, साखळीत, गोव्यात, तिने तो नियम का पाळायचा?

तर मग प्रोजेक्टचं पाचवं उदाहरण मीच तिला सांगितलं आणि पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत बसून तिने तपासून घेतलं. ज्यांच्या पोरांना हे ॲप काही सांगणार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात इथे पण लिहिते.

हू याओबांग हे कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते, विद्यार्थ्यांशी मवाळपणे वागले म्हणून १९८७ मध्ये त्यांना जावं लागलं. ते वारले तेव्हा विद्यार्थी श्रद्धांजली वाहायला चौकात जमले आणि तिथून मागण्या सुरू झाल्या, नेत्यांचा भ्रष्टाचार थांबवा, पेपरवाल्यांना खरं लिहू द्या, आमच्याशी समोर बसून बोला. २६ एप्रिलला पक्षाच्या पीपल्स डेलीने अग्रलेख लिहून हा सगळा पक्षाविरुद्धचा गोंधळ आहे असं ठरवून टाकलं, त्याने पोरं घाबरायच्या ऐवजी अजून चिडली. १३ मेला उपोषण सुरू झालं. दोन दिवसांनी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह बीजिंगला आले, त्यामुळे जगभरचे कॅमेरे आधीच तिथे होते. १९ मेच्या पहाटे हूंच्या जागी आलेले सरचिटणीस झाओ झियांग चौकात आले, हातात भोंगा, डोळ्यांत पाणी, आणि पोरांना म्हणाले की आम्ही फार उशिरा आलो. त्यानंतर ते लोकांसमोर कधी आलेच नाहीत, २००५ मध्ये मरेपर्यंत घरातच नजरकैद. २० मेला मार्शल लॉ लागला.

आणि ३० मेला सेंट्रल अकॅडमी ऑफ फाईन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांनी चौकात लोकशाहीच्या देवीचा पुतळा उभा केला, साधारण दहा मीटर उंच, आत धातूचा सांगाडा, वरून फोम आणि कागदाचा लगदा, थोड्या दिवसांत रात्री जागून केलेला. हे सांगितल्यावर भाचीला एकदम ते सगळं जवळचं वाटायला लागलं, कारण आमच्याकडे दिवाळीला वाड्यावरची पोरं नरकासुर करतात तो असाच, सांगाडा, कागद, जागरण आणि कुणाची तरी उधार घेतलेली शिडी. ३० मे म्हणजे आपला घटकराज्य दिन, गोव्याला राज्य होऊन बरोब्बर दोन वर्षं झाली होती त्या दिवशी. तो पुतळा पाच दिवस टिकला, मग टँकने पाडला.

३ जूनच्या रात्री सैन्य शहरात घुसलं. पुष्कळांना वाटतं सगळं चौकात झालं, पण बहुतेक माणसं मेली ती चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर, पश्चिमेला मुशीदी भागात सगळ्यात जास्त, आणि त्यात नुसते विद्यार्थी नव्हते, कामगार होते, सैन्याचे ट्रक अडवायला रस्त्यावर उतरलेले साधे शेजारीपाजारी होते, घराच्या खिडकीतून बघणारेसुद्धा होते. चौकात उरलेल्या पोरांना पहाटे जिवंत बाहेर काढलं ते लिऊ शियाओबो वगैरे चौघांनी सैन्याशी बोलणी करून. याच लिऊंना पुढे तुरुंगात असताना २०१० चं शांततेचं नोबेल मिळालं आणि २०१७ मध्ये ते कैदेतच वारले. आणि ३८ व्या सैन्याचे कमांडर शू छिनश्येन यांनी आपले सैनिक पोरांवर न्यायला नकार दिला म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं, हे नाव मी भाचीला मुद्दाम ठळक लिहायला लावलं. किती मेले? सरकार दोन-तीनशे म्हणतं, त्यात सैनिकपण धरून. बाहेरचे अंदाज शेकड्यांपासून हजारांपर्यंत जातात, ब्रिटिश राजदूताच्या २०१७ मध्ये खुल्या झालेल्या एका तारेत दहा हजार असं आहे. नक्की आकडा नाही कारण मोजू दिलंच नाही.

मोजायचा प्रयत्न केला तो आयांनी. डिंग झिलिन या बीजिंगच्या रेनमिन युनिव्हर्सिटीत फिलॉसॉफी शिकवायच्या, त्यांचा मुलगा जियांग जिएलियान हायस्कूलमध्ये होता, २ जूनला त्याला सतरा पूर्ण झाली होती आणि ३ च्या रात्री तो गेला. आई जाऊ देईना तर बाथरूममध्ये शिरला, आतून कडी लावली आणि खिडकीतून बाहेर पडला. मुशीदीजवळ गोळी लागली. डिंगबाईंनी मग दुसऱ्या आया शोधायला सुरुवात केली, झांग श्येनलिंग यांचा एकोणीस वर्षांचा वांग नान गेला होता, त्या भेटल्या, असं करत करत तियानआनमेनच्या आया असा गट तयार झाला. पोलिसांचा पहारा, फोनवर पाळत, ४ जून जवळ आला की घराबाहेर पडायला बंदी, आणि तरी त्या दारोदार फिरून नाव, वय, कुठे गोळी लागली, कुठल्या हॉस्पिटलात नेलं असं लिहीत गेल्या आणि दोनशेच्या वर नावं गोळा केली. मागण्या तीनच, खरं काय झालं ते सांगा, भरपाई द्या, जबाबदार कोण ते ठरवा. त्यातल्या कितीतरी आया उत्तर न मिळताच गेल्या. डिंगबाईंचे यजमानही २०१५ मध्ये गेले.

भाचीने त्या मुलाचं वय दोनदा विचारलं.

हाँगकाँगमध्ये १९९० पासून दरवर्षी ४ जूनला व्हिक्टोरिया पार्कमध्ये हजारो लोक मेणबत्त्या घेऊन बसायचे, २०२० मध्ये पोलिसांनी कोरोनाचं कारण देऊन बंदी घातली, तेव्हापासून बंदच, आयोजकांना जेलमध्ये घातलं. तिथल्या युनिव्हर्सिटीतला डॅनिश शिल्पकार येन्स गालशियोत यांचा स्मारकस्तंभ डिसेंबर २०२१ मध्ये रात्रीतून काढून नेला. चीनमध्ये तर नेटवर ४ जून लिहिता येत नाही म्हणून लोक ३५ मे (मेचे ३१ आणि वर ४) लिहायला लागले, तर तेही ब्लॉक केलं. २०२२ मध्ये ३ जूनला तिथला मोठा ऑनलाईन विक्रेता ली जियाछी लाईव्हवर आईस्क्रीम विकत होता, समोर टँकसारखा सजवलेला आईस्क्रीम केक आला आणि लाईव्ह कट झालं, तो सप्टेंबरपर्यंत गायब. त्याचे तरुण चाहते एकमेकांना विचारायला लागले की टँकमध्ये एवढं काय आहे, आणि कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा १९८९ कळलं. एका परदेशी पत्रकार बाईंनी बीजिंगच्या कॉलेजांतल्या शंभर पोरांना टँकसमोरच्या माणसाचा फोटो दाखवला होता, पंधरा जणांनी ओळखला. बाकी पंच्याऐंशी पोरं त्याच शहरात शिकत होती.

गोव्यात ज्यांच्या घरी जुनी माणसं होती त्यांना हे सगळं परकं वाटणार नाही. माझे आजोबा सांगायचे, पोर्तुगीज असताना पेपर छापायच्या आधी सेन्सॉरला दाखवायचा, सभा घ्यायची तर परवानगी, इतकंच काय लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरचा शिक्का लागायचा. १८ जून १९४६ ला लोहियांनी मडगावात भाषण केलं ते त्याच्याविरुद्धच, माणसाला बोलता आलं पाहिजे एवढ्यासाठी, आणि लगेच अटक झाली. दर वर्षी आपण त्या दिवशी क्रांतिदिनाचं झेंडावंदन करतो, पोरांना भाषणं पाठ करायला लावतो, आणि त्यांच्या हातातल्या फोनमध्ये तोच सेन्सॉर बसलेला आम्हाला खपतो, हे मला काही पटत नाही. निदान पत्रिकेवर तपासल्याचा शिक्का तरी दिसायचा, इथे तर पुसून टाकून वर दुसऱ्या कशावर बोलूया म्हणतात.

कुणी म्हणेल अमेरिकन ॲप वापरा. वापरलं, ते बीजिंगबद्दल व्यवस्थित सांगतं, पण त्याच ॲपने गोवा मुक्तीसाठीचा पत्रादेवीचा १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह विचारल्यावर जागाच चुकीची सांगितली, पेडण्याच्या सीमेवरचं पत्रादेवी उचलून काणकोणात नेऊन ठेवलं. तेव्हा इतिहासासाठी एकाच ॲपवर कुणीच विसंबू नये. फरक एवढाच की चुकीचं उत्तर मी पोराला दाखवून दुरुस्त करू शकते, पुसलेल्यावर काय दुरुस्त करणार?

शेवटी काय करायचं, तर गणित, सायन्स, ग्रामर, अकाउंट्स याला बिनधास्त वापरा, फुकटात याच्या तोडीचं मला दुसरं सापडलं नाही, माझ्याही फोनवर आहे आणि राहील. हिस्ट्री, पोलिटिकल सायन्स, जिओग्राफीतले सीमावाद, याला पोरांना एकट्याने देऊ नका, बाजूला बसा. आणि उत्तर उडालं तर आधी पोराला सांगा की तुझा प्रश्न बरोबर होता. ट्युशन घेणाऱ्यांनी तर ही टेस्ट वर्गात एकदा करूनच बघावी, मोबाईल प्रोजेक्टरला जोडायचा आणि मेक्सिको, बँकॉक, ग्वांगजू, बीजिंग असं ओळीने विचारायचं, पोरांना लेक्चर द्यावं लागत नाही.

भाचीचा प्रोजेक्ट पूर्ण झाला, पाचव्या उदाहरणाला तिने रेकॉर्डिंगमधले दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावलेत, एक उत्तर असलेला आणि एक पुसलेला, खाली जियांग जिएलियान आणि वांग नान यांची वयं लिहिलीत. फाईल मराठीत आहे, फोंडा, साखळी, डिचोली कुठल्याही शिक्षकांना वर्गात दाखवायला पाहिजे असेल तर खाली सांगा, पाठवते.